शेंदरी शाईच्या दुरुस्त्या

ही शाई लाल की नारिंगी, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. बायको म्हणते नारिंगी, कारण टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यांवर पडलेले तिचे डाग तिनं घासून पाहिले आहेत. घासल्यावर लाल निघून जातो आणि नारिंगी तेवढा मुक्काम ठोकून राहतो. धाकटी बहीण तिला सरळ गाजराचा रस म्हणते. मी म्हणतो शेंदरी, आणि ज्याच्या पेनात ती आहे त्याचं ऐकावं.

शाई म्हणून ती फार गुणाची आहे असं मी म्हणणार नाही. दौतीत काळपट दिसते, कागदावर उतरली की उजळते. पेन थोडा वेळ तसंच पडून राहिलं की निबेवर खपली धरते आणि ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय पहिलं अक्षर उमटत नाही. हलक्या कागदावर पसरते, गुळगुळीत कागदावर वाळता वाळत नाही. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती एकसारखी उतरत नाही. हात भरभर चालला की फिकी, पातळ, जवळजवळ पिवळसर. हात जरा रेंगाळला की तिथं साचते आणि लालभडक होते. मला तिची ही खोड आवडायची. तपासलेलं पान लांबून पाहिलं तरी कळायचं, की इथं आपण बिनधास्त होतो आणि इथं आपल्याला विचार करावा लागला होता.

मी मुद्रितशोधक. म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची प्रुफं वाचून चुका काढणारा माणूस. ज्या छापखान्यात माझं आयुष्य गेलं तिथं रंगांची वाटणी होती. पहिला वाचणारा निळ्यानं खुणा करायचा, दुसरा हिरव्यानं, संपादक लाल शाईनं. शेवटचं वाचन माझं. माझी खूण बाकीच्यांच्या खुणांत मिसळू नये म्हणून मी ही शाई धरली. शेंदरी हात फिरला की त्या पानाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, लेखकानंसुद्धा नाही, असा तिथला रिवाज होता. दुसराही एक रिवाज होता, तो माझ्यासाठी. मुद्रितशोधकानं चूक काढायची, मजकूर बदलायचा नाही. लेखकानं मूर्खपणा लिहिला असेल तर तो निदान नीट भाषेत छापला जाईल, एवढंच आपण पाहायचं. छापखाना बंद पडला, माणसं पांगली. मी आता घरी बसून एका प्रकाशकाची प्रुफं वाचतो. त्याच्याकडे आता निळंही नाही आणि हिरवंही नाही. पहिला वाचणारा मी आणि शेवटचाही मीच.

आता धाकटीबद्दल. ती पोहायला शिकवते. लहान मुलांना कुणीही शिकवतं. ही मोठ्यांना शिकवते. केस पांढरे झालेले, पोट सुटलेले, हुद्द्यावरचे लोक, ज्यांना पाण्याच्या कडेला उभं राहिलं तरी धडकी भरते, ते हिच्याकडे येतात. तलावावर तिला सगळे मासोळी म्हणतात. ती पाण्यात उतरली की तिच्या अंगात वेगळाच रुबाब येतो. मात्र हातात लेखणी आली की सगळा आनंदीआनंद. तिला लिहिता येतं, पण शुद्धलेखनाशी तिची कधीच ओळख झाली नाही.

तिचा थोरला दीर कॉलेजात भाषा शिकवायचा. एकदा तो तलावावर आला आणि तिनं फळ्यावर लिहिलेल्या सूचनांतल्या चुका त्यानं खडूनं गोल करून दाखवल्या. चुका पुष्कळ होत्या, गोलही पुष्कळ झाले. तिचे सगळे शिष्य ओल्या अंगानं उभे राहून पाहत होते. ती तेव्हा हसली. पण त्यानंतर तिनं कधी फळा लिहिला नाही. कुणाकडून तरी लिहून घ्यायची. हा माणूस तिला पाण्यात पाहतो असं मी म्हणतो, तेव्हा ती म्हणते, "पाण्यात आला तर बरं होईल, दादा. तो कडेवरूनच बघतो."

मागच्या वर्षी तिनं पुस्तक लिहिलं. घाबरलेल्या माणसाला पाण्यात कसं उतरवायचं, याचं. मला वाटलं होतं, चार पानांचं माहितीपत्रक असेल. निघालं चांगलं जाडजूड पुस्तक, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं पुस्तक. वाक्यं वाकडीतिकडी, पण प्रत्येक वाक्यात एक माणूस होता. मीच ते माझ्या प्रकाशकाकडे नेलं. तो छापायला तयार झाला, तेव्हा धाकटी माझ्याकडे आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"दादा, मला पुस्तक विकून बंगला बांधायचा नाही," ती म्हणाली. "जुने शिष्य येणारेत तलावावर, एका रविवारी. त्यांना एकेक प्रत द्यायची. दीरही येणारेत. मला एवढंच पाहिजे, की त्यांना बोट ठेवायला जागा मिळू नये. बाकी काही नको."

"मी वाचणार आहे ना?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

"मग एकही चूक राहिली तर नाव लावणार नाही."

ती निर्धास्त होऊन गेली. प्रुफं तिनं पाहिलीसुद्धा नाहीत. तू बघितलंस ना, मग झालं, म्हणाली.

मी डोळ्यात तेल घालून वाचलं. पानापानाला समास भरून गेला. चुकलेले शब्द, तुटलेली वाक्यं, दोनदा पडलेल्या ओळी. पाठीवर तरंगणाऱ्या बाईच्या चित्राखाली 'सूर मारण्याची पद्धत' आणि सूर मारणाऱ्या माणसाच्या चित्राखाली 'अंग सैल सोडून पडून राहा'. एका ठिकाणी तर 'पाण्याखाली श्वास सोडा' याऐवजी 'श्वास घ्या' पडलं होतं. ते तसंच छापलं असतं तर पुस्तक वाचून माणसं बुडाली असती. हे सगळं मी झपाझप दुरुस्त केलं. हात असा चालत होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे काम मला येतं, आणि मला येणारी कामं फार नाहीत.

मग भीतीवरचं प्रकरण आलं. त्याची सुरुवात अशी होती: 'माझा पहिला शिष्य म्हणजे माझा थोरला भाऊ. तो माझ्यापेक्षा उंच होता, हुशार होता आणि सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास होत होता. तो कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून उभा राहिला. मी त्याची बोटं सोडवायला गेले तर तो रडायला लागला. पुढं मी इतक्या लोकांना शिकवलं, पण त्याला मला शिकवता आलं नाही.'

एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पूर्ण पुस्तकात बिनचूक असा तेवढाच परिच्छेद होता. तिनं तो कितीदा लिहून काढला असेल देव जाणे.

मला राग आला. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच आला. त्या दुपारी मी तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि ती माझ्या खांद्याएवढीही नव्हती. तलावावरच्या पोरांनी मला नंतर कितीतरी दिवस कठडा म्हणून हाक मारली. हे मी विसरलो नव्हतो, पण बाकी सगळे विसरले होते. आता हिनं ते छापायचं आणि रविवारी सगळ्यांच्या हातात द्यायचं? तो दीर वाचणार. माझा प्रकाशक वाचणार. मी बसलो पेन घेऊन. चूक नाही तिथं खूण करायची नसते, हे मला कुणी शिकवायला नको. खूप वेळ बसलो. मग 'माझा थोरला भाऊ' खोडलं आणि वर 'शेजारचा एक मुलगा' असं लिहिलं.

पुढची पानं मी पुन्हा भरभर संपवली आणि गठ्ठा प्रकाशकाकडे पोचवला.

पुस्तकं छापून आली ती थेट धाकटीच्या घरी गेली. त्याच दिवशी तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त खटकलं.

"दादा, पहिल्याच पानावर तलाव शब्द चुकलाय."

"शक्य नाही."

"आणि चित्राखाली भलतंच लिहिलंय. आमचे हे म्हणतात, बाई उताणी पडून सूर मारतेय."

"ते मी दुरुस्त केलं होतं."

"आणि श्वास घ्या असं..."

"मी केलं होतं ते दुरुस्त. सगळं केलं होतं. थांब, मी बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. ही अक्षरजुळणी करणारी मंडळी! माणूस डोळे फोडून चुका काढतो आणि हे लोक पानं न उलटता फाइल पुढं ढकलतात. मी तसाच चपला घालून प्रकाशकाकडे निघालो. रस्त्यात मी त्या जुळणी करणाऱ्या बाईला काय काय बोलायचं, ते मनात पक्कं करत होतो. ती दुसऱ्या गावात राहते, मी तिला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती.

प्रकाशकाचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून जाणारी एक वाट. टेबलावर त्यानं नवं स्कॅनिंग मशीन घेऊन ठेवलंय. या पुस्तकाआधी माझी प्रुफं टपालानं जायची; आता हा ती मशीनमध्ये घालतो आणि बाईला संगणकावर पाठवतो. त्याला त्या मशीनचा इतका अभिमान आहे, की आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी तो मशीन दाखवतो.

"माझी प्रुफं काढा," मी म्हटलं. त्यानं काढून दिली. पानं शेंदरी खुणांनी भरलेली. "हे बघा. आणि हे छापलेलं बघा. तिला फोन लावा."

त्यानं लावला आणि फोन टेबलावर ठेवला, म्हणजे दोघांना ऐकू येईल. मी सुरुवातच जोरात केली. बाईनं ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "मला जे आलं ते मी केलं. त्यात एकच दुरुस्ती होती, ती मी घेतली."

"एक? अहो, समासात पांढरी जागा उरली नव्हती."

"मला तर सगळी पांढरीच आली. इतकं स्वच्छ प्रूफ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी घरात सांगितलंसुद्धा."

"आणि चुका? त्या तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की. पण तुमचं शेवटचं वाचन झालेलं. तुमच्यानंतर कुणी हात लावायचा नाही, हे तुम्हीच मला बजावलंय. मला वाटलं, त्या बाईंची भाषाच तशी असेल आणि तुम्ही मुद्दाम ठेवली असेल."

माझाच रिवाज माझ्या डोक्यात घातला होता तिनं, आणि तोही अदबीनं.

प्रकाशक तोवर संगणकावर पानं उघडत होता. "हे बघा, आपण पाठवलेलं," तो म्हणाला. पहिलं पान उघडलं. अक्षरं काळी कुळकुळीत आणि समास कोरा. दुसरं पान, तिसरं पान, सगळं तसंच. कुठं एखादा ठिपका, कुठं माझ्या एखाद्या रेघेचं शेपूट. माशी बसून गेल्यासारखं.

"मशीन काळ्या-पांढऱ्यावर लावलंय मी," तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात अभिमान नव्हता. "फाइल हलकी होते. जे गडद असेल ते काळं धरतं, जे फिकं असेल ते पांढरं धरून सोडून देतं. लेखक मंडळी निळ्यानं लिहितात, त्यांचं नीट येतं. तुमचं हे शेंदरी त्याला दिसलंच नाही."

"इतकी वर्षं सगळ्यांना दिसतंय आणि याला दिसत नाही?"

"तुम्ही साधं निळं पेन का वापरत नाही?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मशीन घेताना, लावताना आणि पाठवताना एकदाही डोळे उघडून बघायचं नाही, आणि वर मलाच विचारायचं, निळं का वापरत नाही. पण मी काही बोलण्याआधी त्यानं भीतीवरचं प्रकरण उघडलं आणि ते पान समोर आलं. त्या पानावर 'माझा थोरला भाऊ' या शब्दांवरची रेघ आणि तिच्यावर लिहिलेलं 'शेजारचा एक मुलगा' ठळक, काळंभोर दिसत होतं. एकही अक्षर मशीननं सोडलं नव्हतं.

मी हातातलं मूळ पान पाहिलं. तिथं शाई साचून तपकिरीकडे झुकली होती आणि पानाच्या पाठीमागेही फुटली होती. बाकी सगळ्या पुस्तकात जिथं मला खात्री होती, तिथं हात पळाला होता आणि शाई फिकी पडली होती. जिथं मला हे करू नये असं वाटत होतं, तेवढंच मशीनला वाचता आलं होतं.

"ही एक मात्र छान आलीय," प्रकाशक म्हणाला.

पुन्हा छापायला तो तयार नव्हता, आणि रविवार तोंडावर होता. चुकांची एक चिठ्ठी छापून पुस्तकात घालू म्हणाला. मी म्हटलं, चिठ्ठी पुस्तकाहून जाड होईल. मी प्रुफांचा गठ्ठा काखोटीला मारला आणि निघालो. वाटेत मी धाकटीला काय सांगायचं ते ठरवलं. यंत्राचं सांगायचं. ते खरं होतं, आणि पुरेसं होतं.

धाकटीच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते. मेहुणे एक प्रत उघडून बसले होते आणि मला पाहिल्यावर त्यांनी ती घाईनं मिटली. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. मशीन, काळं-पांढरं, हलकी फाइल, फिकी शाई, बिनडोक प्रकाशक, सगळं सांगितलं. प्रुफं उघडून पानं दाखवली. हे बघ, तलाव दुरुस्त केलाय. हे बघ, चित्रं. हे बघ, श्वास सोडा. तिनं एकेक खूण बोटानं पाहिली. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे तू सगळं केलं होतंस," ती म्हणाली.

"सगळं."

"मला वाटलं, तू वाचलंच नाहीस. दिवसभर तेच वाटत होतं. म्हटलं, कंटाळला असेल माझ्या लिहिण्याला."

"मी वाचायचा कंटाळा करीन का? चूक यंत्राची आहे. आणि थोडी या शाईची."

"गाजराच्या रसाची." ती किंचित हसली. मग तिनं छापलेली प्रत घेतली, एक पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. पान आधीच दुमडून ठेवलेलं होतं. "मग हे कसं आलं?"

मी पाहिलं नाही. कोणतं पान आहे ते मला माहीत होतं.

"हे गडद होतं," मी म्हटलं.

"का?"

"शाई साचली तिथं."

"का साचली?"

मेहुणे उठून आत गेले. मला त्यांचा फार राग आला. अशा वेळी माणसानं खोलीत थांबावं.

"हात थांबला होता," मी म्हटलं.

"सगळं पुस्तक तू भरभर केलंस आणि इथं थांबलास." तिनं माझ्या हातून प्रुफाचं पान घेतलं, उलटं केलं, पाठीमागचा डाग पाहिला. "चांगला थांबलास. आणि मग खोडलंस."

"लोक हसले असते, धाकटे. तुझा दीर..."

"कोण हसलं असतं? रविवारी येणाऱ्यांतला एकेक जण कठड्याला धरून रडलेला आहे, दादा. जज रडलेत. एक डॉक्टर तर माझ्या गळ्यात पडून रडलेत. म्हणून तर मी तिथून सुरुवात केली. माझा भाऊसुद्धा रडला होता, मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात, असं मी सगळ्यांना सांगते. रोज सांगते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला तू माहीत आहेस. आणि आता ते पुस्तक उघडणार आणि विचारणार, हा शेजारचा मुलगा कोण? सांग, कोण होता तो? कुठल्या घरात राहायचा?"

ती प्रत्येकाला सांगते हे मला माहीत नव्हतं. तलावावर मी त्या दुपारनंतर कधी गेलो नव्हतो.

"दीर माझ्या चुकांवर बोट ठेवतील," ती म्हणाली, "ते मी ऐकून घेईन, सवय आहे मला. पण त्या पुस्तकात जी एक गोष्ट चुकीची नव्हती, ती तू चुकवलीस. आणि नेमकी तेवढीच छापली गेली."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही चढवला असता आणि भांडून मोकळे झालो असतो. तिनं डोळे पुसले, तेही चोरून नाही, सरळ हातानं, पाण्यातून वर आल्यावर पुसते तसे. मला इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे पाहत राहिलो.

मग तिनं जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि पहिला गठ्ठा सोडला.

"बस," ती म्हणाली. "सगळ्या प्रती इथंच आहेत. पेन आहे ना खिशात?"

"हातानं? सगळ्या? अगं, पुस्तक शाळेतल्या तपासलेल्या वहीसारखं दिसेल. दिरांना आयतंच मिळेल."

"मिळू दे. चूक दिसेल, आणि दुरुस्त केलेलीही दिसेल. यंत्राला दिसत नसेल, माणसांना दिसेल ना?"

मी बसलो. निबेवर नेहमीसारखी खपली होती. ओलं फडकं मागून घेतलं आणि कामाला लागलो. सगळ्या चुका प्रत्येक प्रतीत शक्य नव्हत्या, म्हणून ठळक तेवढ्या निवडल्या. तलाव, चित्रं, श्वास, दोनदा पडलेल्या ओळी. पुस्तकाचा कागद गुळगुळीत, त्यावर शाई वाळायचं नाव घेईना. मेहुणे आतून केस वाळवायचं यंत्र घेऊन आले आणि माझ्या शेजारी उभं राहून पानांवर गरम वारा सोडायला लागले. त्या यंत्राच्या आवाजानं माझं डोकं उठलं होतं, पण ते बंद करा म्हणायची माझी पत राहिली नव्हती.

पहिली प्रत झाली. हात छान चालला होता, फिका, सफाईदार. मी ती मिटून मेहुण्यांकडे सरकवली आणि दुसरी घ्यायला हात पुढं केला.

धाकटीनं सरकवलेली प्रत परत ओढली. ते पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे राहिलं."

मेहुण्यांनी यंत्र बंद केलं. मी 'शेजारचा एक मुलगा' यावर रेघ मारली. ती पटकन मारली गेली. मग त्यावर लिहायला लागलो. 'माझा' तिच्या तोंडी शोभणार होतं, मी लिहिताना ते विचित्र वाटत होतं, पण लिहिलं. 'थोरला' लिहिलं. मग पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. रविवारी तलावाच्या कडेला उभे असलेले ते सगळे लोक मला दिसायला लागले, जज, डॉक्टर, दीर, प्रत्येकाच्या हातात हे पान आणि हे माझं अक्षर. मी 'भाऊ' लिहून टाकलं आणि पेन उचललं.

धाकटी वाकली. गुळगुळीत कागदावर दोन शब्द फिके होते आणि तिसरा लालभडक, ओला, थेंबासारखा फुगलेला.

"थांबलास," ती म्हणाली.

"ही शाईच तशी आहे. सांगितलं ना तुला, साचते."

तिनं वाद घातला नाही. ओली प्रत उघडीच बाजूला ठेवली. गठ्ठ्यातून पुढची काढली आणि माझ्यासमोर उघडली. पहिलं पान नाही, तेच पान.

"आता आधी हे," ती म्हणाली. "मग तलाव."